नंबर काऊन घासले, दादा?

दादा, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येक माणसाने तुला देवमाणूस म्हटलं आणि मी तोंडाला पदर लावून बसले. लोकांना वाटलं, बिचारी रडते आहे. मी दातओठ खात होते. तोंड उघडलं असतं तर भर पंगतीत तुझे वाभाडे काढले असते, आणि मग ताईने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. म्हणून आता बोलते. तुझा फोटो समोर टेबलावर ठेवला आहे, हार सुकला आहे आणि तू आपला नेहमीसारखा अर्धवट हसतो आहेस. हस. समोरचा बोलायला लागला की चप्पल घालून टपरीवर निघायची तुझी खोड होती. आता बस जागेवर आणि ऐक.

आधी लग्नाचं. पंगतीत जो तो हेच सांगत होता, की सुभाषभाऊंनी अपंग बहिणीपायी लग्न केलं नाही, असा भाऊ धाड गावातच काय, अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात मिळायचा नाही. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू तुझ्या डोक्यावरच्या अक्षता मीच पुसून टाकल्या. मला कधी विचारलं होतंस का रे? डोणगावची ती मुलगी आठवते? तू मला मुद्दाम जीपमध्ये घालून सोबत नेलं होतंस. ती आत येऊन माझ्या शेजारी खाली बसली, माझ्याच ब्लाउजचा गळा कसा कापला ते विचारू लागली. मला ती आवडली होती. तेवढ्यात बाहेर तू तिच्या वडिलांना सांगत होतास, "माह्या बहिणीचं सगळं करा लागीन. तिचं पाहणारं दुसरं कोणी नाही." सगळं म्हणजे काय? मी माझी अंघोळ करते, स्वयंपाक करते, अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवते. मुलगी पाण्याचे पेले उचलून आत गेली. परत येताना तू जीपमध्ये शीळ घालत होतास. तुला लग्नच करायचं नव्हतं. नसेल करायचं, माझी काही हरकत नव्हती. पण नकार द्यायला माझे पाय पुढे करायचे नव्हते. पुण्य तुझ्या खात्यावर गेलं आणि बोल माझ्या माथी आला.

कोणी म्हणेल, कृतघ्न बाई आहे. तसं नाही. पोलिओने पाय गेले तेव्हाचं मला काही आठवत नाही, पण तुझी पाठ आठवते. शाळेत तू मला पाठीवर घेऊन जायचास. तुझ्या मानेवरचा घाम माझ्या गालाला लागायचा. वाटेत पाढे म्हणायला लावायचास आणि चुकले की नालीत टाकून देतो म्हणायचास. पोरं हसली की थांबायचास, मला पारावर बसवायचास, त्यांना बदडून यायचास आणि पुन्हा पाठ पुढे करायचास. आई गेल्यावर मला खायला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत करायला शिकलास आणि ते कायम खारट केलंस. हे सगळं माझ्याजवळ आहे. त्याच्यामुळेच पुढचं बोलताना माझा आवाज चढतो आहे.

खुर्चीचंही तसंच. तीनचाकी हाताने रेटून माझे खांदे गेले तेव्हा तूच म्हणालास, मोटारवाली खुर्ची बनवतो. दवाखान्यातली जुनी चाकाची खुर्ची आणलीस. भंगारातून कारच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्यास. हाताशी एक दांडी बसवलीस, दांडीचं ऐकणारा कंट्रोलर बसवलास आणि कंट्रोलरचं ऐकून मोटारींना करंट सोडणारा ड्रायव्हर बोर्ड स्वतः जोडलास. शेतातल्या पंपांचे स्टार्टर बनवणारा तू, तुला ते काही अवघड नव्हतं. पहिल्या दिवशी मी खुर्ची गल्लीतून चालवली तेव्हा तू माझ्यापुढे उलटा चालत होतास, दोन्ही हात पसरून, जसं लेकराला पहिली पावलं टाकायला लावतात. मी चाळिशीची बाई, मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. तू मागे न बघता चालताना म्हशीला धडकलास. त्या दिवशी मी बाजाररस्त्यावरच्या माझ्या शिलाईच्या दुकानापर्यंत एकटी गेले. एकटी म्हणजे तू पुढे, पण कोणाचा हात न लागता.

आणि मग मेन स्विच. तो तू कुठे बसवलास? पाठीमागे, टेकणीच्या खाली, जिथे मी मेले तरी माझा हात पोचत नाही. मी विचारलं तर म्हणालास, पुढे ठेवला तर ओढणी अडकेल. मी ओढणी कधी घेते? मी साडी नेसते. रोज सकाळी मी खुर्चीत चढून बसायची आणि हाक मारायची, दादा, चालू कर. तू दात घासत असशील तर दात घासून यायचास, टपरीवर असशील तर मी बसून राहायची. दुकानासमोर बायका येऊन परत जायच्या. संध्याकाळी पुन्हा हाक, दादा, बंद कर. मी लाटण्याने तो स्विच दाबायला शिकले तेव्हा तू चिडलास. म्हणालास, बटन तुटेल. पुढच्या रविवारी बटन काढून तिथे फिरवायची किल्ली बसवलीस. लाटण्याने किल्ली फिरत नाही, दादा. हे तुला चांगलं माहीत होतं.

नंबर घासायचं तुझं वेड मला आधीपासून माहीत होतं. मोबाइलवरून पंप चालू करायचा तुझा डबा बुलडाण्याच्या कोणीतरी उघडून तस्साच्या तस्सा बनवला, तेव्हापासून तू चिपवरचे नंबर पॉलिश पेपरने घासायला लागलास. नंबर गेला की दुसऱ्या मेकॅनिकला कळत नाही चिप कोणती, तिचा कोणता पाय कशाचा. वरून सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या, म्हणजे उघडणाऱ्याच्या डोक्याचा भुगा. धंद्यात चोरांपासून सांभाळावं लागतं, ते मला कळतं. माझं ब्लाउजचं माप पाहून जाणाऱ्या बायका मलाही ठाऊक आहेत. पण खुर्ची काय बाजारात विकायला ठेवली होती? बसणारी तुझी सख्खी बहीण. तिच्या मांडीखालच्या डब्यातले नंबरही तू घासलेस, फुंकर मारून बोटाने पुसलेस, मी समोर भाजी निवडत बसले होते. मी विचारलं, "नंबर काऊन घासले दादा? मी का तुयी नक्कल करणार हाये?" तू म्हणालास, सवय आहे वं, हात आपोआप जातो. मी शिवते त्या कपड्याची शिलाई उलटं केलं की कोणालाही दिसते. कोणालाही उसवता येते. मला कधी वाटलं नाही की माझी कला त्यामुळे कमी झाली.

खुर्चीच्या उचकीची गोष्टही आज काढते. खुर्ची नवी होती तेव्हा दांडी पुढे केली की एक गचका द्यायची आणि थांबायची, पुन्हा गचका आणि पुन्हा थांबायची. तू मोटार बदललीस, दांडी बदललीस, कंट्रोलर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मी खुर्चीतच बसले होते आणि डबा माझ्या गुडघ्याशी उघडा होता. मला दिसत होतं. मी म्हटलं, गचका बसतो त्या क्षणी कंट्रोलरवरची बारकी बत्ती विझते आणि मग पुन्हा लागते. तू म्हणालास, चूप बैस, तुले काय समजते यातलं. आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी लावलीस. मोटार सुरू होताना मोठ्या बॅटरीतून एवढा करंट ओढायची की कंट्रोलरचं व्होल्टेज पडून तो बंद व्हायचा, परत जागा व्हायचा, परत बंद व्हायचा. बत्ती तेच सांगत होती आणि ती मी पाहिली होती. टपरीवर मात्र तू सांगितलंस, लय डोकं खाजवलं तेव्हा सापडलं. खाजवलं तू, दिसलं मला. तेव्हाही मी काही बोलले नाही, कारण खुर्ची चालू झाली होती आणि मला दुकानात जायची घाई होती.

शेवटचा वाद तर अर्धाच राहिला. त्याच आठवड्यातली गोष्ट, ज्या आठवड्यात तुझं ते झालं. मी म्हटलं, मला करंट तपासायचा मीटर धरायला शिकव, उद्या रस्त्यात बंद पडली तर मी काय करू? तू म्हणालास, "तुले करंट लागीन." मी म्हटलं, शिकव तर खरं. तू चप्पल शोधायला लागलास. मी म्हटलं, दादा, तू नसशील तेव्हा? तू दारात थांबून म्हणालास, "तुले काय करायचं हाये? मी हाये ना." आणि टपरीवर निघून गेलास. बारा व्होल्टच्या बॅटरीने माणसाला करंट लागत नाही, दादा. हे मला आता समजलं. तू मला इतकी वर्षं खोटी भीती घातलीस. आणि 'मी हाये ना' म्हणणारा आता कुठे आहे, ते पंगतीतल्या कोणालातरी विचारायला हवं होतं.

तुझं ते झालं त्या दिवसापासून किल्ली फिरवायला ताई होती. ताई आणि भाऊजी मोताळ्याहून लगेच आले होते. तेराव्याच्या आदल्या दिवशी ताईने घर धुतलं, भांडी घासली, पांघरुणं उन्हात टाकली. भाऊजींना रिकामं बसवत नाही, तुला माहीतच आहे. पोळ्याला ते आधी ट्रॉली रंगवतात आणि मग बैल. माझ्या खुर्चीला गंज दिसला, घरात उरलेला निळा ऑइलपेंट दिसला, आणि पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून त्यांनी खुर्ची रंगवली. हे खरं मायेचं काम होतं. एकेक बोल्ट खोलून, त्याच्या खालूनसुद्धा रंग देऊन, वाळल्यावर सगळे पुन्हा घट्ट आवळले.

तेराव्याच्या सकाळी ताईने किल्ली फिरवली, मी दांडी पुढे केली आणि खुर्ची हलली नाही. मोटारी नुसत्या थरथरल्या. अंगणात पाहुणे जमलेले. कोणीतरी म्हणालं, मुक्या वस्तूलेबी समजते. तुझ्या मित्राची आई पुढे आली आणि तिने माझ्या खुर्चीला हात जोडले. मालकामागे खुर्चीनेही जीव सोडला म्हणे. लगेच दोन बायका रडल्या. एका बाईने खुर्चीच्या चाकाला हळदीकुंकू लावलं. मला उचलून सतरंजीवर ठेवलं आणि मला न विचारता खुर्ची कोपऱ्यात नेऊन तिच्यावर तुझा टॉवेल पांघरला. दादा, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला काहीतरी फेकून मारलं असतं.

जेवणं झाल्यावर ताई माझ्याजवळ बसली. माझी बोटं हातात घेऊन म्हणाली, "मंगे, आता मोताळ्याले चाल. खुर्ची बंद झाली, तो नाही, इथं एकटी कशी करशीन वं?" ताईचं मन मोठं आहे, तिथे मला काही कमी पडणार नाही. पण त्यांच्या घराला चढायला उंच पायऱ्या आहेत आणि बाहेर चिखलाची वाट आहे. तिथे मला ओसरीवर खाट मिळेल, सुना चहा आणून देतील आणि मी लसूण सोलत बसेन. दुकान सुटेल. गावातल्या बायका नवीन टेलर शोधतील. उरलेलं आयुष्य मी कोणीतरी उचलून ठेवायची वस्तू होऊन राहीन. मी नाही म्हटलं तर ताई एवढंच म्हणाली, मग दुकानात कशी जाशीन, सरकत?  भाऊजी शेतीमुळे परत गेले आणि बाजाराच्या दिवशी जीप घेऊन येतो म्हणाले. ताई थांबली आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिने माझी शिलाई मशीन पोत्यात गुंडाळायला काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या टेबलाखाली सरकत गेले आणि मीटर घेतला. ताई ओरडली, दादाच्या वस्तूला हात लावू नको. मी मोबाइलवर व्हिडिओ लावले. एक माणूस हिंदीत सांगत होता, नवीन शिकणाऱ्याने घाईने काही बदलू नये, आधी काय जिवंत आहे ते शोधावं. एवढं साधं होतं ते. मी ताईला दोन्ही बाजूंना विटा लावायला सांगितल्या म्हणजे चाकं अधांतरी राहतील आणि खुर्ची अंगावर येणार नाही. ती बडबडत होती, पण तिने लावल्या. मोठ्या बॅटरीला मीटर लावला, बरोबर बारा दाखवले. मोटारीच्या दोन वायरी सोडवून सरळ बॅटरीला लावल्या, चाक गरगर फिरलं. ताई दचकून मागे सरली. म्हणजे मोटार जिवंत होती. कंट्रोलरची बत्ती लागत होती, तोही जिवंत. मग दोष मधल्या ड्रायव्हर बोर्डात असणार, असं मला वाटलं, आणि तिथे तुझी करामत आडवी आली.

त्या बोर्डावर बोटभर लांबीची चिप आणि तिचं तोंड घासून गुळगुळीत केलेलं. मी फोटो काढून बुलडाण्याच्या एका दुकानदाराला पाठवला. त्याने विचारलं, नंबर काय? मी म्हटलं, घासलेला आहे. तो म्हणाला, "ताई, नंबराबिगर मी काय सांगू? ज्यानं घासला त्यालेच इचारा." मी फोन ठेवला आणि तुझ्या फोटोकडे पाहिलं. दिवसभर मी त्या चिपच्या मागे होते. व्हिडिओतल्या चिप पाहायची, आपल्या चिपचे पाय मोजायची, जुळेना. दुसराही दिवस तसाच गेला. ताईने मशीन गुंडाळून सुतळीने बांधली. माझ्या पेटीत माझ्या साड्या भरल्या. तुझे शर्ट वाटून टाकायचे का ते विचारत होती आणि मी चिपचे पाय मोजत होते. मला वाटलं, हरले मी. चिप जळाली, नंबर नाही, आणि बाजाराचा दिवस परवावर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चिपचा नाद सोडला आणि माझ्या पद्धतीने बसले. मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, पण गुंता सोडवता येतो. मीटर एका खुणेवर ठेवला की दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली तर तो वाजतो. मी एकेक लाल वायर घेतली, दुसरं टोक शोधलं, मीटर वाजला की त्या वायरीला दोन्हीकडे एकाच रंगाची चिंधी बांधली. पिवळी, जांभळी, पोपटी, लग्नाच्या एका ब्लाउजच्या अस्तराची राणी रंगाची. दुपारपर्यंत तुझा लाल रंगाचा गोंधळ जत्रेतल्या झाडासारखा दिसायला लागला आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते मला दिसलं. एकच दिसेना. व्हिडिओतला माणूस दर वेळी सांगायचा, दोन बॅटऱ्या वेगळ्या असल्या तरी दोघींचा मायनस एक करा, नाहीतर कंट्रोलरचा हुकूम ड्रायव्हरला कळत नाही, मोटार थरथरेल पण फिरणार नाही. थरथरेल, हेच शब्द. आणि तुझ्या अख्ख्या डब्यात एका मायनसवरून दुसऱ्याकडे जाणारी वायर नव्हती. छोट्या बॅटरीचा मायनस सीटखालच्या एका बोल्टला गेलेला. ड्रायव्हरचा मायनस दुसऱ्या बोल्टला. संपलं.

मी मीटरचं एक टोक एका बोल्टवर आणि दुसरं दुसऱ्यावर टेकवलं. वाजला नाही. तेव्हा मला निळा रंग दिसला. तू मोटारसायकलच्या वायरिंगवर हात बसवलेला माणूस. तिथे मायनस बॉडीला देतात, वायर वाचते. तू माझ्या खुर्चीच्या लोखंडालाच वायर बनवून ठेवलं होतंस. म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या मायनसवर बसून फिरले. आणि भाऊजींनी मायेने दोन्ही बोल्टांखाली ऑइलपेंटचा थर दिला, लोखंडाची आणि वायरीची गाठभेट तुटली. चिप बिचारी कधी बिघडलीच नव्हती. तू तिचा नंबर घासलास म्हणून मी तिच्यावर संशय घेत दोन दिवस घालवले. खुर्चीने कोणाच्या दुःखात जीव सोडला नव्हता, तिच्या पायाखाली रंग गेला होता.

उसवायच्या ब्लेडने मी रंग खरवडणारच होते. मग म्हटलं, नाही, बॉडीच्या भरवशावर आता राहायचं नाही, सरळ वायर टाकते. वायरीसाठी तुझा खालचा खण उघडला. त्यात काळ्या वायरीचं अख्खं भेंडोळं होतं, प्लास्टिकसुद्धा न फोडलेलं. मी ते मांडीवर घेतलं. मायनसला काळी वायर लावतात हे शाळकरी पोरालाही कळतं. काळी तुझ्याकडे होती. तू लावली नाहीस. दादा, धंद्यात तू चोरांना भीत होतास, ते ठीक. घरात कोणाला भीत होतास? मी हाक मारायची थांबले तर तुझं काय राहील, याला? रोज सकाळी कोणीतरी दादा, चालू कर म्हणावं, एवढ्यासाठी तू माझी किल्ली पाठीमागे ठेवलीस? मला सांगितलं असतंस तर मी अशीही हाक मारली असती. चहा घ्यायला मारली असती, भरीत खारट झालं म्हणून मारली असती. हे तू एकदा तरी विचारायला हवं होतंस. मला एवढा राग येतो तुझा, आणि त्याच वेळी वाटतं, तू दारात यावंस आणि म्हणावंस, मंगे, सोड ते, तुले करंट लागीन.

काळी वायर मी एका मायनसवरून दुसऱ्यावर टाकली. सोल्डर करताना बोट भाजलं. ताईला किल्ली फिरवायला सांगितली आणि दांडी हळूच पुढे केली. दोन्ही चाकं विटांवर अधांतरी गरगर फिरली. ताईने तोंडावर हात ठेवला. मी तिला म्हटलं, मशीन सोड पोत्यातून. तिने काही सोडलं नाही, ती आत जाऊन चहा करायला लागली. मी तेवढ्यात तुझी ती किल्ली उपटून काढली आणि हाताशी, दांडीच्या शेजारी, साधं बटन बसवलं. ते वेडंवाकडं बसलं आहे. तुला दिसलं असतं तर तू हसला असतास.

बाजाराच्या दिवशी सकाळी भाऊजी जीप घेऊन आले. गल्लीत बाजाराला निघालेली माणसं होती. ताई माझी पेटी उचलून दारात उभी होती, अजून तिला वाटत होतं की मी येईन. मी बटन दाबलं, दांडी पुढे केली आणि उतारावरून गल्लीत उतरले. जीपच्या बाजूने वळण घेतलं आणि थांबले. भाऊजी बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घरात तुझ्या फोटोकडे वळले आणि हात जोडले. शेजारच्या बायका बाहेर आल्या. कोणी म्हणालं, पाहा, जीव आला. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पेटी खाली ठेवून फोटोला म्हणाली की दादा, तुझी माया रे, अजूनही तूच तिला चालवून राह्यला. सगळ्यांनी माना हलवल्या. बायका पुन्हा तुला देवमाणूस म्हणाल्या.

मी गप्प बसणार होते. आजवर बसतच आले होते. पण तोंडातून निघून गेलं, आणि मोठ्याने निघालं.

"नाही ताई. दादा गेला. मी चालवून राह्यली."

 ताईने माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली. मला वाटलं होतं की हे म्हटल्यावर मला बरं वाटेल, कारण मी खरं बोलले होते आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलले होते. पण त्यातले 'दादा गेला' हे दोन शब्द मी तोवर एकदाही उच्चारले नव्हते, दादा. ना तेराव्याला, ना ताईजवळ, ना रिकाम्या घरात. ते माझ्याच कानांनी ऐकले आणि मी भर गल्लीत, चालू खुर्चीत, मोठ्याने रडायला लागले.